पंचवीस पेट्या नकोत, आधी दोन

प्रश्न : ताई, मी 29 वर्षांची आहे. सहा वर्षं एका कार्यालयात हिशेबाचं काम करतेय, पण आता त्यात जीव रमत नाही. गेल्या वर्षी मधमाशीपालनाचं पाच दिवसांचं प्रशिक्षण घेतलं, तेव्हापासून डोक्यात दुसरं काही नाही. मैत्रिणीचं शेत आहे, तिथे 25 पेट्या ठेवाव्यात आणि नोकरी सोडावी असा विचार आहे. साठवलेले पैसे त्यात घालायची तयारी आहे. पण या क्षेत्रात नोकऱ्या मिळतात का, की स्वतःचा धंदाच करावा लागतो? सुरुवात नेमकी कुठून करू? आई म्हणते, माश्या चावून काही भलतंच झालं म्हणजे? आणि खरं सांगू का, मला मधमाश्या वाचवायच्याही आहेत.

उत्तर : ताई म्हटलंस, म्हणून एकेरीतच लिहिते, आणि आधी उत्तर सांगून टाकते. नोकऱ्या आहेत, पण त्यातल्या फार थोड्या जाहिरातीत दिसतात. धंदाही होतो, पण त्याला दोन-तीन फुलोरे जावे लागतात. म्हणून नोकरी इतक्यात सोडू नकोस आणि 25 पेट्या तर मुळीच घेऊ नकोस. एक अख्खं वर्ष सुट्टीच्या दिवशी कुणातरी अनुभवी माणसाच्या पेट्यांवर काम कर. हात बसला की पुढच्या फुलोऱ्याच्या तोंडावर स्वतःच्या दोन वसाहती, म्हणजे राणीसकट माश्या नांदणाऱ्या दोन पेट्या, घे. तुझा उत्साह मोडायचा म्हणून हे सांगत नाही. उत्साहाच्या भरात घेतलेल्या पेट्या दुसऱ्या वर्षी रिकाम्या पडलेल्या मी इतक्या वेळा पाहिल्या आहेत की तुझं पत्र वाचून गप्प बसवेना.

प्रशिक्षणात तू ज्या पेट्या उघडल्यास, त्या कुणीतरी वर्षभर सांभाळलेल्या होत्या. वसाहत फुलोऱ्याआधी वाढते, वाढून दाटी झाली की फुटायला बघते, फुलोऱ्यात मध साठवते आणि फुलं संपली की त्या साठ्यावर तग धरून राहते. यातल्या एका टप्प्यावर केलेली चूक पुढच्या टप्प्याला दिसते. दोन पेट्यांत चूक झाली तर दोनदाच होते. पंचवीस पेट्या असतील तर तीच चूक एकाच आठवड्यात पंचवीस वेळा होते, कारण नवखा माणूस सगळ्या पेट्यांना सारखंच वागवतो.

मी सुरुवात आठ पेट्यांनी केली होती. पहिला फुलोरा उत्तम गेला. वरच्या मजल्यातला मध काढला, आणि तेवढ्यावर थांबायचं सोडून खालच्या मजल्यातल्या, म्हणजे जिथे अंडी-अळ्या असतात तिथल्या, कडेच्या भरलेल्या चौकटीही (ज्यांत माश्या पोळं बांधतात त्या सुट्या लाकडी चौकटी) काढून घेतल्या. त्यानंतर सात आठवडे हवा खराब राहिली. माश्यांना बाहेर पडता येईना, आणि पडल्या तरी फुलं नव्हती. एके दिवशी पेटी उचलून बघितली तर ती हाताला हलकी लागली. उघडली, मधली चौकट बाहेर काढली, तर एकेका षटकोनी घरात एकेक माशी डोकं आत खुपसून मेलेली. बाहेर फक्त पोटाची टोकं दिसत होती. घरांच्या तळाशी उरलेलं चाटायला त्या आत शिरल्या होत्या. आठपैकी दोन वसाहती अशा गेल्या, तिसरी साखरेच्या पाकावर कशीबशी वाचली. तेव्हापासून मध काढायच्या दिवशी मी आधी माश्यांचा वाटा मोजते आणि मग माझा. पेटी मागच्या बाजूने बोटभर उचलून वजनाचा अंदाज घ्यायचा, ही सवय मला त्या दिवसाने लावली. एखाद्या जाणत्याच्या हाताखाली असते तर त्यानेच मला त्या कडेच्या चौकटींपाशी थांबवलं असतं.

आता वर्षभर शिकायचं म्हणजे नेमकं काय, ते सांगते. चौकट वाचायला शिकायचं. राणी शोधायला सगळेच धावतात, पण राणी दिसली नाही तरी चालतं. अंडी दिसली पाहिजेत. ऊन खांद्यावरून चौकटीवर पडेल असं उभं राहायचं, चौकट पेटीच्या बरोबर वरच धरायची (राणी तिच्यावर असेल आणि निसटलीच तर गवतात न पडता पेटीतच पडेल), आणि घरांच्या तळाशी नजर लावायची. अंडं म्हणजे पांढऱ्या दोऱ्याचा बारीकसा तुकडा. पहिल्या दिवशी ते तळावर उभं असतं, दुसऱ्या दिवशी कलतं आणि तिसऱ्या दिवशी आडवं होतं. मग त्यातून अळी बाहेर येते. उभं अंडं दिसलं, की राणी काल-आज इथून फिरून गेली हे कळलं, पेटी बंद करायची. त्यासाठी सगळ्या चौकटी उपसून वसाहतीचा जीव खाण्याची गरज नसते. अंडी नाहीत, पण मोठ्या अळ्या आणि बंद घरं आहेत, तर आठवडाभरात काहीतरी बिघडलंय. एकाच घरात तीन-चार अंडी, तीही घराच्या भिंतीला चिकटलेली, तर राणी बहुधा बरीच आधी गेली आणि आता कामकरी माश्याच अंडी घालतायत. त्यातून फक्त नर निपजतात. हे सगळं पुस्तकात वाचून पाठ होतं, पण डोळ्याला दिसायला पन्नास-साठ चौकटी हातातून जाव्या लागतात. मला पहिले दोन महिने अंडीच दिसत नव्हती.

नोकरीचं म्हणतेस तर या क्षेत्रातलं सगळ्यात मोठं काम आहे ते हलत्या पेट्यांवरचं. मोठे मधपाळ फुलोऱ्याच्या मागे पेट्या घेऊन फिरतात. त्यांना हंगामात हाताखाली माणसं लागतात, आणि नेहमीचीच माणसं लागतात, कारण नवख्याला शिकवायला हंगामात वेळ नसतो. हे काम रात्रीचं असतं. दिवसा माश्या बाहेर असतात, म्हणून अंधार पडून सगळ्या परत आल्या की दारं बंद करायची, पेट्या चढवायच्या आणि उजाडायच्या आत नव्या जागी उतरवायच्या. मोठ्या पेटीचा मधाने भरलेला पूर्ण उंचीचा एक मजला 35 किलोच्या पुढे जातो. पाठ सांभाळून उचलायची पद्धत शिकलीस तर टिकशील. मी गुडघ्यांच्या आणि पाठीच्या दुखण्याने हे काम सोडलेले तरणेताठे लोक पाहिले आहेत. हे काम तू एक हंगाम तरी करावंस असं मला मनापासून वाटतं. पैसे बेताचेच मिळतील. पण शंभर-दोनशे वसाहती एका हंगामात बघायला मिळणं, हे कुठल्याही प्रमाणपत्रापेक्षा मोलाचं आहे.

दुसरं काम परागीभवनाचं. मध हा मधमाशीपालनाचा एक भाग झाला. कितीतरी पिकांना फळ-बी धरायला माशी लागते आणि बागाईतदार त्यासाठी पेट्या भाड्याने घेतात. याचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे कॅलिफोर्नियातल्या बदामाच्या बागा. दर फेब्रुवारीत तिथे अमेरिकाभरातून 20 लाखांच्या वर वसाहती ट्रकांनी आणल्या जातात. तिथे नुसत्या पेटीला पैसे मिळत नाहीत. किती चौकटी माश्यांनी भरल्यात ते झाकण उघडून मोजलं जातं आणि त्यावर भाडं ठरतं. म्हणजे तिथे वसाहत जोखणारा माणूस, करार सांभाळणारा माणूस, वाहतुकीचं वेळापत्रक आखणारा माणूस, हे सगळे लागतात. संकरित बियाण्याच्या शेतातही हीच गरज असते. सूर्यफुलाचं किंवा कांद्याचं संकरित बी तयार करताना नर ओळींतला पराग मादी ओळींवर जावा लागतो, आणि ते काम माश्याच करतात. त्यामुळे बियाणं कंपन्यांना पेट्या हव्या असतात आणि त्या सांभाळणारी माणसंही. टोमॅटोची गोष्ट मात्र वेगळी. त्याच्या फुलातून पराग झटकायला फूल धरून अंग थरथरवावं लागतं, ते मधमाशीला जमत नाही. त्यासाठी बंबलबी नावाच्या केसाळ, मोठ्या माश्या बंदिस्त खोल्यांत वाढवून काचगृहांना पुरवल्या जातात. 1987 मध्ये बेल्जियममध्ये हा व्यवसाय उभा राहिला, आणि आज त्यात महिन्याच्या पगारावर बारमाही काम करणारी माणसं आहेत.

तिसरं काम राण्या तयार करण्याचं. तुझं पत्र वाचताना माझ्या डोळ्यांसमोर हेच आलं. याला ताकद कमी लागते आणि तारखांचा नेमकेपणा फार लागतो. अंड्यातून बाहेर येऊन 24 तास झाले नाहीत अशी अळी, जी आकाराने स्वल्पविरामाएवढी असते, बारीक सळईने उचलून मेणाच्या पेल्यात ठेवायची. मग राणी नसलेल्या, भरपूर तरुण माश्यांच्या वसाहतीला ती सोपवायची. मेलिफेरा या परदेशातून आलेल्या पाळीव मधमाशीच्या जातीत अंडं घातल्यापासून राणी बाहेर यायला 16 दिवस लागतात. कामकरी माशीला 21 आणि नराला 24. म्हणजे अळी उचलल्यावर साधारण 12 दिवसांनी राणी निघणार. त्याच्या एक-दोन दिवस आधी प्रत्येक राणीघर वेगळ्या छोट्या वसाहतीत हलवलेलं असलं पाहिजे. एक दिवस चुकलीस, तर पहिली बाहेर आलेली राणी बाकीच्या राणीघरांना भोकं पाडून आतल्या राण्या मारून टाकते आणि तीस राण्यांच्या जागी एक उरते. ज्याला ताळेबंद महिन्याच्या महिन्याला जुळवायची सवय आहे, त्याला हे वेळापत्रक जड जाणार नाही. मोठ्या मधपाळांना दर एक-दोन वर्षांनी राण्या बदलायच्या असतात, म्हणून चांगल्या राण्यांना आणि चांगल्या छोट्या वसाहतींना गिऱ्हाईक कायम असतं. मधाचं वर्ष वाईट गेलं तर पुढच्या फुलोऱ्याआधी गेलेल्या वसाहती भरून काढायला लोक जास्तच विचारतात.

याशिवाय मध भरणाऱ्या आणि तपासणाऱ्या ठिकाणी, कृषी खात्यांत, संशोधन संस्थांत, पेट्या बनवणाऱ्या कारखान्यांत कामं असतात. यातल्या पगारी जागांना बहुतेक ठिकाणी कृषी, जीवशास्त्र किंवा अन्नशास्त्राची पदवी मागतात. तुझी ती नाही, म्हणून त्यांच्या मागे लागण्यात वेळ घालवू नकोस. मोठ्या मधपाळांकडे हिशेब, नोंदी, मधाच्या खेपा आणि परागीभवनाचे करार सांभाळायला माणूस लागतो, आणि पेटी उघडता येणारा हिशेबनीस त्यांना सहसा मिळत नाही. या दारातून शिरायचा तू जरूर विचार कर.

आता धंद्याचं. नवखा माणूस पेट्यांची संख्या गुणिले मधाचे किलो असं गणित मांडतो आणि तिथेच फसतो. तू हिशेबातली आहेस, तेव्हा हे गणित नीट मांड. एका वसाहतीचा मध जातीवर, फुलोऱ्यावर आणि हवेवर ठरतो. आपली देशी सातेरी माशी वर्षाला काही थोडे किलो देते, मेलिफेरा चांगल्या फुलोऱ्यात त्याच्या कितीतरी पट देते, आणि दोन्हीही वाईट वर्षी तुझ्याकडूनच पाक खातात. पहिल्या वर्षी उत्पन्न शून्य धर. दर वर्षी काही वसाहती जाणार हेही धर. खर्चात पेट्यांबरोबर पाक, औषधं, मेणपत्रे, वाहतूक आणि तुझे दिवस लिही. मेण तसं थोडं, पण फेकू नकोस. एक किलो मेण तयार करायला माश्यांना सहा ते आठ किलो मध खर्ची घालावा लागतो असं मानतात. म्हणून तर बांधलेलं पोळं न मोडता मधयंत्रात फिरवून मध काढायचा आणि पोळं माश्यांना परत द्यायचं. आणि मध काढायची घाई कुठेच करू नकोस. चौकटीतली निदान तीन चतुर्थांश घरं माश्यांनी मेणाने बंद केलेली असावीत. कच्च्या मधात पाणी जास्त असतं, तो आंबतो. मधातलं पाणी 20 टक्क्यांच्या वर नको असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे आणि ते मोजायचं रिफ्रॅक्टोमीटर हे छोटंसं उपकरण पहिल्या विक्रीआधी घे. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नये, हे बाटलीवर छापायला विसरू नकोस. बाळाला बॉट्युलिझमचा, म्हणजे जिवाणूंच्या विषाने स्नायू लुळे पडण्याच्या आजाराचा, धोका असतो.

सुरुवातीबद्दल लिहिते. आग्या आणि फुलोरी या माश्या उघड्यावर एकच पोळं बांधतात, त्या पेटीत राहत नाहीत, तेव्हा त्यांचा विषय सोड. पेटीत पाळायच्या त्या सातेरी आणि मेलिफेरा. दोन्ही जिथे मिळतात तिथे शेजारचा जाणता माणूस जी पाळतो तीच घे, म्हणजे अडचणीला विचारायला आणि चौकट उसनी घ्यायला कुणी असेल. सातेरी शांत आहे, थोड्या फुलोऱ्यावर जगते, पण मनाविरुद्ध झालं की पेटी सोडून जाते. मेलिफेरा पेटीला धरून राहते, जास्त मध साठवते, पण तिला भरपूर फुलं आणि जास्त देखभाल लागते. दोघींच्या पेट्यांची मापं वेगळी, चौकटी एकमेकींत बसत नाहीत.

दोनच का, एक का नाही? एकच वसाहत असली की ती बरी आहे की आजारी, हे कशाशी ताडून बघणार? दोन असल्या की एक जोमाने येते आणि दुसरी का मागे पडते, हा प्रश्न आपोआप पडतो. शिवाय एकीची राणी मेली तर दुसरीतली ताज्या अंड्यांची एक चौकट तिला देता येते. त्यातूनच त्या नवी राणी घडवतात. पहिल्या वर्षी वसाहत वाचवायचा याहून सोपा उपाय मला माहीत नाही.

पेटी घेताना टेप घेऊन जा. लोरेन्झो लँगस्ट्रॉथ या अमेरिकी धर्मोपदेशकाच्या 1851 मध्ये लक्षात आलं की साधारण 6 ते 9 मिलिमीटर वाट सोडली तर माश्या ती ये-जा करायला मोकळी ठेवतात. त्याहून अरुंद फट त्या डिंकाने बुजवतात आणि रुंद जागेत पोळं बांधतात. चौकटी सुट्या काढता येणारी पेटी या एका निरीक्षणावर उभी आहे. म्हणून सुताराने अंदाजाने केलेली स्वस्त पेटी दिसायला कितीही छान असली तरी दोन महिन्यांत तिच्या चौकटी भिंतींना चिकटतात आणि पुढे प्रत्येक वेळी पोळं फाडूनच उघडावी लागते. आणि कुणी जुन्या पेट्या, जुनी पोळी फुकट दिली तरी घेऊ नकोस. अमेरिकन फाउलब्रूड हा अळ्या सडवणारा रोग आहे, आणि त्याचे बीजाणू लाकडात आणि मेणात कित्येक दशकं जिवंत राहतात. मेलेल्या अळीत काडी घालून ओढली आणि तपकिरी, चिकट तार लांब निघाली, तर संशय घ्यायचा आणि लगेच तज्ज्ञाला बोलवायचं. अनेक देशांत हा रोग सरकारला कळवणं सक्तीचं आहे आणि पेट्या जाळून टाकाव्या लागतात. तोंडावरची जाळी, स्मोकर (धूर सोडायचं भांडं), पेटी उघडायची लोखंडी पट्टी आणि एक वही, एवढं सामान पहिल्या दिवसाला पुरे. मधयंत्र उसनं मिळतं.

मैत्रिणीच्या शेताबद्दल तू फक्त जागा आहे एवढंच लिहिलंस. माशी चाऱ्यासाठी सहसा दोन-तीन किलोमीटरच्या आत फिरते, गरज पडली तर आणखी लांब जाते. म्हणजे तुझ्या माश्यांचं शेत हे मैत्रिणीच्या कुंपणापुरतं नाही. सुट्टीच्या दिवशी त्या टापूत पायी फिर आणि कोणत्या महिन्यात काय फुलतं ते वहीत लिही. दोन फुलोऱ्यांमध्ये किती आठवडे कोरडे जातात, हा आकडा सगळ्यात महत्त्वाचा. तुला किती पेट्या झेपतील हे तोच सांगतो. भोवतालचे शेतकरी कोणती फवारणी कधी करतात ते विचार, आणि फुलावर आलेल्या पिकावर फवारू नये, करावीच लागली तर माश्या घरी परतल्यावर संध्याकाळी करावी आणि आधी कळवावं, एवढं बोलून ठेव. पाणी जवळ हवं, दुपारची सावली हवी, आणि पेटीच्या दारासमोरून माणसांची किंवा जनावरांची वाट नको. एकदा पेटी ठेवली की चार पावलं सरकवायची झाली तरी अवघड. माश्या जागा पाठ करतात आणि जुन्या ठिकाणी येऊन घोटाळत राहतात.

व्हरोआबद्दल पाच दिवसांत तुला कितपत सांगितलं असेल, शंकाच आहे. हा तांबूस, टाचणीच्या डोक्याएवढा परजीवी मूळचा सातेरीच्या जातकुळीवरचा. तिने त्याच्याशी जमवून घेतलंय. मेलिफेराला मात्र तो उद्ध्वस्त करतो, कारण बंद घरात अळीच्या अंगावर तो वाढतो आणि सोबत विषाणू पसरवतो. मेलिफेरा घेतलीस तर नुसत्या डोळ्यांवर विसंबू नकोस. अळ्यांच्या चौकटीवरून अर्धा कप, म्हणजे सुमारे 300 माश्या जाळीच्या झाकणाच्या बरणीत घे (राणी त्यात नाही ना, दोनदा बघ), पिठीसाखर टाकून मिनिटभर घोळव, थोडं थांब आणि पांढऱ्या ताटलीवर झटक. साखरेवर तांबूस ठिपके पडतील. ते मोजून तीनने भाग. शंभर माश्यांमागे तीनच्या आसपास आकडा आला तर उपाय करायलाच हवा. हंगामात दर महिन्याला मोज आणि आकडा वहीत लिही.

आईची भीती खरी आहे, तिला हसण्यावारी नेऊ नकोस. डंखाच्या जागी सूज, लाली, खाज येणं सगळ्यांनाच होतं, दोन-तीन दिवसांत उतरतं. काटा अंगात राहिला तर त्याची विषाची पिशवी विष ढकलतच राहते, म्हणून चिमटीने की नखाने याचा विचार न करता तो लगेच काढायचा. मग त्या जागेवर धूर सोडायचा, कारण डंखाबरोबर पक्क्या केळ्यासारखा वास सुटतो आणि तो बाकीच्या माश्यांना तिथेच बोलावतो. पण डंख हाताला आणि पित्त साऱ्या अंगावर उठलं, ओठ-जीभ सुजली, श्वास लागला, चक्कर आली, तर ती तीव्र ॲलर्जी. तिथे घरगुती उपायात एक मिनिटही घालवायचं नाही, अॅड्रेनलिनचं इंजेक्शन आणि दवाखाना. म्हणून सुरुवातीलाच डॉक्टरांशी बोलून घे, आणि पेट्यांवर कधीही एकटी जाऊ नकोस, निदान पहिलं वर्ष. अशी ॲलर्जी असणाऱ्यांना विषाचे अगदी थोडे डोस वाढवत नेण्याचे उपचारही असतात, पण ते तज्ज्ञाच्या देखरेखीखाली. आणखी एक गोष्ट आईसाठी. मधपाळाच्या घरातल्या माणसांनाही ही ॲलर्जी होऊ शकते, असं दिसून आलंय. माश्यांचं विष लागलेले कपडे घरभर फिरवू नकोस, वेगळे ठेव आणि वेगळे धू.

मधमाश्या वाचवायच्या म्हणतेस, ते वाचून बरं वाटलं, पण इथे तुला एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. पेटीतल्या मधमाश्यांच्या वसाहती जगात एकंदरीत गेल्या अर्धशतकात वाढल्याच आहेत. वसाहती मरतात हे खरं, पण मधपाळ त्या फोडून पुन्हा वाढवतात. मधमाशीच्या गोतावळ्यातल्या माश्यांच्या जाती मात्र 20,000 च्या वर आहेत आणि त्यातल्या बहुतेक एकेकट्या राहतात, जमिनीत, काटक्यांत, भिंतीच्या भोकात. त्यांना पेटी देणारं कुणी नाही. जिथे फुलं कमी तिथे तू पेट्या वाढवल्यास तर त्यांच्याच तोंडचा पराग काढून घेशील. मैत्रिणीच्या बांधावर वेगवेगळ्या महिन्यांत फुलणारी झाडं लाव, थोडी जमीन न नांगरता उघडी सोड, फवारणी कमी कर. तिथे एकही पेटी नसली तरी हे काम आजपासून सुरू करता येतं, आणि पुढे तुझ्या दोन वसाहतींनाही तेच उपयोगी पडेल.

आता या आठवड्यात करायचं ते. प्रशिक्षण दिलेल्या माणसांना विचारून जवळपासच्या दोन-तीन मधपाळांची नावं काढ. फोनवर काम मागू नकोस, जाऊन भेट आणि सुट्टीच्या दिवशी बिनपगारी मदत करते म्हणून सांग. मध काढायच्या दिवसात हाताला हात हवाच असतो, तेव्हा नाही म्हणणारे थोडे. पहिल्या दिवशी फिक्या रंगाचे, गुळगुळीत कापडाचे कपडे घाल. काळे आणि लोकरी नकोत. अत्तर लावू नकोस, केस घट्ट बांध, पायमोजे पँटवरून ओढ. मनगटावर चामडी पट्ट्याचं घड्याळ असेल तर काढून ठेव, घामाने ओलं झालेलं चामडं माश्यांना खपत नाही. तो माणूस चौकट तुझ्या हातात देईल तेव्हा श्वास चौकटीवर सोडू नकोस, मान थोडी वळव. आणि घरी आल्यावर त्या दिवशी उघडलेल्या प्रत्येक पेटीचं एक पान लिही : अंडी दिसली का, किती चौकटी माश्यांनी भरलेल्या, मध किती, काय विचित्र वाटलं. तीन महिन्यांनी ती वही मला पाठव, मग दोन वसाहती कोणत्या घ्यायच्या ते आपण मिळून ठरवू.